आयर्लंडच्या शेतघरातून आलेले पत्र



आयर्लंड हे नाव महाराष्ट्राला नवे नाही. १८९४ साली मद्रासला भरलेल्या राष्ट्रीय सभेचे अध्यक्षपद आल्फ्रेड वेब या आयरिश गृहस्थाने भूषविले होते. आणि १९१६ साली लोकमान्यांनी ‘होमरूल’ हा शब्द उचलला, तोही त्याच देशाच्या राजकारणातून. तेव्हा आयर्लंडवर व्याख्यान म्हटले की पार्नेल, डी व्हॅलेरा, बंड आणि फाळणी यांविषयी काही ऐकावयास मिळेल, अशी श्रोत्यांची अपेक्षा असणार. आज मात्र आम्ही त्या देशातील एका अगदी साध्या वस्तूविषयी बोलणार आहोत. शेतावर मागे राहिलेल्या आईबापांनी आणि भावंडांनी, अमेरिकेस, ऑस्ट्रेलियास किंवा इंग्लंडास गेलेल्या आपल्या माणसास लिहिलेले घरचे पत्र, ही ती वस्तू होय.

कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याने पत्रांच्या नादी का लागावे, असे कोणी विचारील. आमचे शिक्षण शाळेत थोडे झाले. बाकीचे सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. त्या कचेरीत येणारा माणूस एकटा येतो आणि आपल्या एकट्याच्या पगाराची तक्रार मांडतो. पण तो संपात किती दिवस टिकेल, जादा पाळी का नाकारीत नाही, मुकादमाचे बोलणे मुकाट्याने का ऐकून घेतो, हे सारे दूरच्या एका घरात आधीच ठरून गेलेले असते. ते घर आम्हांला दिसत नाही. आयर्लंडच्या बाबतीत ते दिसू शकते, कारण तेथील पत्रे लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवली आणि अभ्यासकांनी ती गोळा केली. आर्नल्ड श्रायर या अमेरिकन अभ्यासकाने १९५८ साली या विषयावर पुस्तक लिहिले. कर्बी मिलर यांनी अनेक दशके खपून हजारो पत्रांचा संग्रह केला, आणि २०२४ साली गॉलवे येथील विद्यापीठाने त्यांतील सुमारे ७,००० पत्रे इंटरनेटवर सर्वांसाठी खुली केली. डेव्हिड फिट्झपॅट्रिक यांनी १९९४ साली आयर्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्या दरम्यान गेलेली-आलेली १११ पत्रे छापली. यांत एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. परदेशातून घरी आलेली पत्रे पुष्कळ उरली, पण घरून परदेशी गेलेली त्या मानाने थोडी. घर जागच्या जागी होते. गेलेला माणूस आज या खाणावळीत तर उद्या त्या बराकीत. त्याच्याजवळ पेटी कोठली आणि कपाट कोठले!

आता ही माणसे गेली का, ते आधी पाहू. १८४१ च्या शिरगणतीत आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८२ लाख होती. १८४५ साली बटाट्यावर रोग पडला. गरीब शेतकरी आणि मजूर यांचे सारे अन्न म्हणजे बटाटा. ओट आणि डुक्कर हे खंड भरण्यासाठी. बटाटा जमिनीतच कुजला तेव्हा पोटाला काही उरले नाही, आणि खंड तर चुकत नव्हता. पुढच्या काही वर्षांत सुमारे १० लाख माणसे भुकेने आणि तापाने मेली, आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. १८५१ च्या शिरगणतीत आकडा साडेपासष्ट लाखांवर आला. पण दुष्काळ सरल्यावर जाणे थांबावे, ते थांबले नाही. १८०१ ते १९२१ या काळात सुमारे ८० लाख लोक त्या लहानशा बेटातून बाहेर पडले, असा हिशेब अभ्यासक देतात.

दुष्काळ नसतानाही का गेले? याचे उत्तर शेताच्या वाटणीत आहे. दुष्काळानंतर आयरिश शेतकऱ्याने शेताचे तुकडे करणे सोडून दिले. पाच-सात मुलांपैकी एका मुलाला सारे शेत मिळावयाचे. त्याच्या बायकोने आणलेल्या हुंड्यातून एखाद्या बहिणीचे लग्न व्हावयाचे. बाकीच्यांनी आपली वाट धरावयाची. आरेन्सबर्ग आणि किंबल या दोघा अभ्यासकांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत क्लेअर परगण्यात राहून ही रीत बारकाईने नोंदविली आहे. तेव्हा शेत एकाचे झाले खरे, पण ते ज्यांच्या कमाईवर टिकले ती भावंडे त्या शेतावर नव्हती. आणि या जाणाऱ्यांत मुलींची संख्या जवळजवळ निम्मी होती. युरोपातील इतर देशांतून बहुधा पुरुष जात किंवा सारे कुटुंब जाई. आयर्लंडातून अठरा-वीस वर्षांच्या अविवाहित मुली एकट्या गेल्या. बोस्टन आणि न्यूयॉर्क येथील श्रीमंतांच्या स्वयंपाकघरांत आणि माळ्यांवरच्या खोल्यांत त्यांचे तारुण्य गेले. डी व्हॅलेरा यांची आई अशांपैकीच एक. १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये तिला हा मुलगा झाला. पण दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या बाईने स्वतःचे मूल कोठे ठेवावे? १८८५ साली मामाबरोबर त्या मुलाला लिमरिक परगण्यातील ब्रूरी गावी धाडण्यात आले आणि आजीने त्याला वाढविले. पुढे जो त्या देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला, त्याचे बालपणही टपालाच्या आणि बोटीच्या वाटेवर असे विभागले गेले होते.

जाण्याच्या आदल्या रात्री घरी माणसे जमत, नाचगाणे होई आणि पहाटे रडारड होई. मयताच्या घरी रात्र जागवावी तसा हा प्रकार असे, आणि त्याला नावही तसेच पडले होते: अमेरिकन जागरण. गेलेले माणूस पुन्हा दिसावयाचे नाही हे दोन्ही बाजूंस ठाऊक असे. त्यानंतर राहिले ते पत्र.

त्या पत्राची घडण पाहण्यासारखी आहे. आरंभी प्रकृतीचा मजकूर: आम्ही सर्व देवाच्या कृपेने बरे आहोत, तूही तशीच असावीस. आपल्याकडील ‘येथील सर्व क्षेम, तेथील क्षेम कळवीत जावे’ याचाच हा सख्खा भाऊ. मग आलेल्या पत्राची आणि पैशाची पोच. मग पाऊस, बटाट्याचे पीक, जळणासाठी कापलेले पीट वाळले की नाही, गुरांचा आणि डुकरांचा बाजारभाव. मग कोण वारले, कोणाचे लग्न ठरले, कोणत्या घरातून आणखी कोण गेले. मग शेजाऱ्यापाजाऱ्यांचे नमस्कार नावानिशी. आणि शेवटी, लौकर लिही. वरवर पाहता या मजकुरात काही नाही. पण परक्या शहरात चुलीपुढे उभ्या असलेल्या मुलीला तांबडी गाय व्याली एवढे कळले, तर त्या दिवशी ती गोठ्यात जाऊन येत असे. घरची बातमी म्हणजे घराने तिला अजून घरचे मानल्याची खूण होती. ती पैसे पाठवी आणि तिला बातमी मिळे. या व्यवहारात बातमीची किंमत पैशाहून कमी होती असे आम्हांला वाटत नाही.

परंतु हे पत्र खासगी नव्हते, हे लक्षात घेतले पाहिजे. १८५१ साली पाच वर्षांवरील आयरिश लोकांपैकी शेकडा ४७ जणांना लिहिता-वाचता येत नव्हते. पश्चिमेकडील अनेक घरांत आईबाप आयरिश भाषा बोलणारे आणि पत्र मात्र इंग्रजीत. मग ते शाळामास्तराने नाहीतर शाळेत जाणाऱ्या शेजारच्या मुलाने लिहावयाचे. आलेले पत्रही शेजारी जमवून मोठ्याने वाचावयाचे. ज्या पत्रातून बँकेची हुंडी निघाली त्याची गावात चर्चा होई, आणि ज्यातून ती निघाली नाही त्याचीही होई. अशा पत्रात मनातले किती येणार? आईने मास्तरांदेखत काय सांगावे, आणि मुलीने साऱ्या आळीला ऐकू जाईल असे काय लिहावे?

म्हणून मागणेही आडवळणाने येई. धाकटी आता अठराची झाली, अंगाने धट्टीकट्टी आहे, असे घरून लिहिले की थोरलीने ओळखावे: तिच्या बोटीचे तिकीट पाठविण्याची वेळ झाली. यंदा गवत भिजले आणि वासराला भाव आला नाही, असे लिहिले की ओळखावे: खंड भरावयाचा राहिला आहे. पैसे धाड असे सरळ लिहिण्याची लाज आणि लिहिल्यावाचून भागत नाही ही अडचण, या दोहोंमधून ही भाषा तयार झाली. आणि तिला उत्तर येई. ब्रिटिश सरकारच्या वसाहत-स्थलांतर खात्याने नोंदविलेले आकडे पाहा. १८४८ साली उत्तर अमेरिकेतून आलेली रक्कम सुमारे ४ लाख ६० हजार पौंड होती. १८५४ साली ती १७ लाख पौंडांच्या वर गेली. यांतील फार मोठा भाग मोलकरणींच्या, हमालांच्या आणि रेल्वेची माती खणणाऱ्यांच्या मजुरीचा. त्यांतून पुढच्या भावंडाचे तिकीट निघे. एक गेला की तो दुसऱ्यास ओढी, दुसरा तिसऱ्यास.

उरलेले पैसे कोठे गेले? कामगार कार्यकर्ता म्हणून आमची नजर येथे थांबते. ते गेले जमीनदाराच्या खंडात आणि दुकानदाराच्या उधारीत. बोस्टनमधील मोलकरणीने पहाटे पाचला उठून कमावलेला डॉलर मेयो परगण्यातील झोपडीत एक रात्र राही आणि दुसऱ्या दिवशी जमीनदाराच्या कारभाऱ्याच्या खात्यात जमा होई. मुलीला वाटे, आपण आईला पोसतो. आईला वाटे, मुलगी आपल्याला सांभाळते. दोघींचे म्हणणे खरे, पण त्या दोघींनी मिळून तिसऱ्यालाच पोसले होते, आणि त्याचा उल्लेख पत्रात ‘खंड भरला’ एवढ्या दोन शब्दांत आटोपत असे.

हे ज्याला स्पष्ट दिसले असा एक मनुष्य होऊन गेला. मायकेल डेव्हिट त्याचे नाव. जन्म १८४६, मेयोमधील स्ट्रेड गावी, ऐन दुष्काळात. १८५० साली खंड थकला म्हणून कुटुंबाला घराबाहेर काढले आणि ती माणसे लँकेशरमधील हॅस्लिंग्डन येथे गेली. तेथे तो लहानपणीच कापडगिरणीत कामाला लागला. १८५७ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, यंत्रात सापडून त्याचा उजवा हात गेला. पुढे तो टपालकचेरीत आणि छापखान्यात काम करून आणि मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटमध्ये वाचून शहाणा झाला. १८७९ साली पीक बुडाले आणि पुन्हा घराबाहेर काढण्याचे सत्र सुरू झाले, तेव्हा लँड लीग उभी करण्यात त्याचा मोठा वाटा होता. १८८० साली लॉख मास्क येथील कॅप्टन बॉयकॉट नावाच्या कारभाऱ्याशी लोकांनी सर्व व्यवहार तोडले आणि इंग्रजी भाषेला बहिष्कारासाठी एक नवा शब्द मिळाला. अमेरिकेतील आयरिश कामगारांनी या चळवळीला भरघोस पैसा पाठविला. इतके दिवस जो पैसा खंड भरण्यास जात होता, तोच आता खंडाविरुद्ध लढण्यास आला. प्रत्येक घराने आपापल्या पत्रात कुजबुजत सांगितलेली गोष्ट सर्वांनी मिळून माळरानावरच्या सभेत मोठ्याने सांगितली, तेव्हा हे घडले. पुढे १९०३ च्या कायद्याने कुळांना जमिनी विकत घेण्याची वाट मोकळी झाली आणि जमीनदारी मोडत गेली.

तरीही माणसे जातच राहिली, कारण शेत अजून एकाचेच होते आणि पत्रातले मौनही तसेच होते. त्या मौनाविषयी आता थोडे बोलू. आमच्या व्याख्यानाचा गाभा तोच आहे.

घर आपले दुःख लपवी. आई अंथरुणाला खिळली, घर सोडण्याची नोटीस आली, तर ते उशिरा कळवावे किंवा कळवूच नये; उगाच पोरीच्या जिवाला घोर कशाला? आणि पोरगीही आपले दुःख लपवी. सोळा-सोळा तास काम, हिवाळ्यात न तापणारी माळ्यावरची खोली, मालकिणीचे टोमणे, यांतले काही नाही. उलट उसन्या किंवा नव्या पोशाखात फोटो काढून तो घरी पाठवावयाचा. दोन्ही बाजूंनी हे प्रेमापोटीच केले. पण याची किंमत चुकविली ती तिसऱ्याने. घरात बसून तो फोटो पाहणाऱ्या धाकट्या भावाने आणि शेजारच्या मुलीने. धर्मगुरूंनी उपदेश केला, वर्तमानपत्रांनी इशारे दिले, पण त्या फोटोपुढे कोणाचे काय चालणार?

सर्वांनीच लपविले असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. १८७३ साली अमेरिकेत मंदी आली, कारखाने आणि रेल्वेची कामे बंद पडली, तेव्हा कित्येकांनी स्पष्ट लिहिले की यंदा येऊ नका, येथे काम नाही. आणि त्यानंतरच्या काही वर्षांत अमेरिकेस जाणाऱ्यांचा आकडा खरोखरच खाली आला. सरकारी पत्रकावर न बसणारा विश्वास बहिणीच्या चार ओळींवर बसतो. पत्र खरे लिहिले गेले तर त्याच्याएवढे उपयोगी कागदपत्र मजुराजवळ दुसरे नाही, हे यावरून सिद्ध होते.

आणि ज्यांचे पत्रच थांबले त्यांचे काय? बोस्टनच्या ‘पायलट’ या वर्तमानपत्रात १८३१ पासून १९२१ पर्यंत हरवलेल्या आप्तांच्या शोधाच्या जाहिराती छापल्या जात होत्या. अमुक परगण्याचा, अमुक गावचा, अमुक साली बोटीवर चढला, शेवटचे पत्र अमुक कालव्याच्या किंवा रेल्वेच्या कामावरून आले, त्यानंतर खबर नाही. काही मेले असतील. पण काही जिवंत असून गप्प झाले. पाठविण्यास पैसा नाही, आणि पैशावाचून पत्र पाठविण्याचे तोंड नाही. पत्र आणि हुंडी एकाच पाकिटात घालण्याची सवय लागली की हुंडी बंद होताच पत्रही बंद होते.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. १९५१ ते १९६१ या दहा वर्षांत स्वतंत्र आयर्लंडातून सुमारे ४ लाख माणसे कमी झाली, ती बहुतेक इंग्लंडास गेली. १९६१ ची लोकसंख्या अवघी २८ लाख १८ हजार भरली. त्याच साली इंग्लंडहून घरी आलेली रक्कम सुमारे १ कोटी ३५ लाख पौंड होती. त्या वर्षी आयर्लंड सरकारने प्राथमिक व माध्यमिक शिक्षणावर जेवढा खर्च केला, जवळजवळ तेवढी. म्हणजे लंडनच्या इमारतींवर विटा वाहणारे पोरगे एका देशाच्या शिक्षणखात्याइतका भार वाहत होते. यांतील पुष्कळांना ठेकेदार रोख मजुरी देत. विम्याच्या कार्डावर शिक्का नाही, नोंदवहीत नाव नाही. रोख हातात चार पैसे अधिक पडत आणि शनिवारी घरी पाठविता येत. घरी पत्र जाई की काम चांगले आहे. ते खोटेही नव्हते. पण पाठीचा कणा वाकला, वय झाले, तेव्हा पेन्शनच्या खात्यात त्यांच्या नावावर काही नव्हते. त्यांच्या पैशावर वाढलेले भाचे-पुतणे साहेब झाले होते. आणि हे म्हातारे एकेका खोलीत किंवा धर्मादाय वसतिगृहात दिवस काढीत होते. गावी परत जावे तर रिकाम्या हाताने कसे जावे, या लाजेने कित्येक गेलेच नाहीत.

१९९० नंतरच्या दशकात आयर्लंडचे दिवस पालटले आणि जाणाऱ्यांपेक्षा येणारे अधिक झाले. आज आपल्या देशातील नर्सा आणि संगणकावर काम करणारी मुले तेथे आहेत; डब्लिनमध्ये मराठी घरे आहेत. एके काळी जे गाव पत्राची वाट पाहत होते, तेथून आता दुसऱ्या गावांना निरोप जातात.

आणि आपल्याला हे काही परके नाही. रत्नागिरीच्या आणि साताऱ्याच्या घरांनी मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनीऑर्डरीवर पिढ्या काढल्या. त्या फॉर्मच्या खालच्या चिठोऱ्यावर चार ओळींची जागा असे. तेवढ्यात क्षेमकुशल मावे, खोलीतील पंधरा माणसे मावत नसत. १९८२ च्या संपात घरोघरच्या मनीऑर्डरी थांबल्या, तेव्हा कित्येक घरांना गिरणीत काय चालले आहे याची पहिली बातमी पोस्टमनच्या रिकाम्या हातांनी दिली. आता मनीऑर्डरीची जागा फोनने घेतली आहे. फोनवर चेहरा दिसतो, पण माणूस भिंतीची स्वच्छ बाजू पाठीमागे येईल असाच बसतो.

म्हणून येथे जमलेल्या गृहस्थांना आणि गृहिणींना आमची एवढीच विनंती आहे. तुमच्यापैकी अनेकांची मुलेबाळे बाहेरगावी, बाहेरदेशी आहेत. त्यांनी किती पाठविले हे तुम्ही विचारीत नसाल, पण त्यांनी किती तास काम केले तेही विचारा. मालकाचे नाव काय, नेमणुकीचा कागद हाती आहे का, प्रॉव्हिडंट फंडात पैसे भरले जातात का, आजारी पडल्यास कोण पाहते, हे विचारा. आणि तुमच्या घरचे कर्ज, तुमचे दुखणे त्यांना वेळेवर सांगा. त्याने त्यांची झोप एक रात्र जाईल. न सांगितल्याने काय जाते, ते आयर्लंडच्या पत्रांनी आपल्याला दाखविले आहे. आणि कोणाचे पैसे यावयाचे थांबले, तर त्याला आधी एवढे कळवा की पैशावाचून आलेले पत्रही या घरात वाचले जाईल.